मखमली टिकल्यांचं धनुष्य

विलू,

आज संध्याकाळी आठ वाजता आईला फोन करायचा आहे. कोल्हापुरात तेव्हा रविवारची सकाळ असेल. तिची पूजा झालेली असेल, दुसरा चहा व्हायचा असेल, आणि त्या दोन चहांच्या मध्ये कुठेतरी मी तिला सांगायचं आहे की तिचा मुलगा गेला.

तुला जाऊन आठवडा होत आला. इथलं सगळं उरकलं. नेपरव्हिलच्या या बर्फात लोक गाड्या काढून आले. फ्यूनरल होमच्या दारात बुटांची रांग लागली होती आणि बर्फाचं पाणी कार्पेटवर पसरत होतं. तुझ्या दाजींनी पुस्तकातून वाचून मंत्र म्हटले, दोन-तीन ठिकाणी अडखळले, आणि मग त्यांनी दाहिनीचं बटण दाबलं. काही ऐकू आलं नाही. इतक्या कमी आवाजात माणूस जातो हे मला माहीत नव्हतं.

आणि आईला यातलं काही माहीत नाही. तू गेलास हे नाही, तू आजारी होतास हेही नाही. हे सगळं मी जमवून आणलेलं आहे, आणि तुझा त्याला शेवटपर्यंत विरोध होता. तू ‘सरळ सांग’ म्हणणारा, मी ‘हळूहळू सांगू’ म्हणणारी. लोकांना वाटेल हे भांडण तुझ्या आजारपणात सुरू झालं. खरं म्हणजे ते माझ्या तळघरात, एका धनुष्यावरून सुरू झालं होतं.

मघाशी मी तळघरात जाऊन आले. ते धनुष्य तिथेच खिळ्याला टांगलेलं आहे. दोरीवर माझी तांबडी लोकर आहे, मुठीवर माझ्या टिकल्या आहेत. पलीकडच्या भिंतीशी तुझे नेम मारायचे गवताचे भारे आहेत, त्यांत एक बाण अजून रुतलेला. तो कुणी काढलेला नाही. मी हात लावला नाही आणि वर येऊन लिहायला बसले. नीता तिच्या खोलीत दार लावून बसली आहे. तिच्याशीही मी हळूहळूच बोलत होते ना. मामाला बरं नाही, मामा थकलाय, मामाला झोपू दे. शेवटचे दोन दिवस तिला मैत्रिणीकडे ठेवलं. परत आली तेव्हा तुझी खोली आवरून झाली होती. माझ्याकडे बघून तिने एवढंच विचारलं, "यू न्यू? तुला माहीत होतं?" तेव्हापासून ती जेवायला खाली येते आणि ताट घासून वर जाते.

तू पहिल्यांदा ते धनुष्य माझ्या घरी आणलंस तो दिवस आठवतो? विस्कॉन्सिनला शिकायला आलास, तिथेच पंपांच्या कारखान्यात नोकरी धरलीस, आणि कारखान्यातल्या अर्लने तुला जंगलाचा नाद लावला. मला वाटलं होतं, रामायणाच्या कॅलेंडरवर असतं तसं काहीतरी असेल. तू गाडीच्या डिकीतून काढलंस ते दोन्ही टोकांना चाकं, मधून पोलादी तारा, मध्ये जाड मूठ. मी म्हटलं, "अरे, कुणाची सायकल मोडलीस?" तू दुखावला गेलास. मग हॉलमध्ये उभं राहून मला चाकांचं गणित समजावलंस. ओढताना मधोमध सगळ्यात जड लागतं, तो टप्पा ओलांडला की चाकं फिरतात आणि वजन एकदम निम्मं होतं, मग नेम धरून निवांत उभं राहता येतं. मला ओढून बघायला दिलंस. मला त्या मधल्या टप्प्यापर्यंतही जाता आलं नाही आणि तू हसलास.

त्या पहिल्या वर्षी तू हरणाचं मांस आणलंस, मी तांबडा रस्सा केला. आपल्या घरात मटण रविवारचं, पण मारणं हे खाटकाचं काम. दाजी म्हणाले, "आत्याबाईंना हे कळवू नका." आत्याबाई म्हणजे आपली आई, ते तिला लाडाने तसं म्हणतात. आपण तिघांनी हसत हसत आईपासून लपवलेली ती पहिली गोष्ट. तेव्हा ती गंमत होती.

मग तुला वेगाचं वेड लागलं. कारखान्यात दिवसभर पंपातला शक्तीचा तोटा भरून काढायचास आणि शुक्रवारी संध्याकाळी माझ्या तळघरात येऊन धनुष्यातला. गोल चाकं काढून अंड्यासारखी चाकं बसवलीस, त्याने बाण जोरात सुटतो म्हणे. धनुष्याची वरची-खालची पाती आवळून ओढायचं वजन वाढवलंस. बाण टेकवायची जागा मागे सरकवणारी पट्टी स्वतः कापून लावलीस, म्हणजे आखूड बाण चालेल, आखूड म्हणजे हलका, हलका म्हणजे जलद. बाणाची पिसंसुद्धा कातरून बारीक केलीस. आणि मी वर दिवाणखान्यात महाराष्ट्र मंडळाच्या पोरींना गाणं शिकवायची. त्यांचा सा लागायचा आणि खालून यायचा तुझा टण्ण. पोरी दचकायच्या. एकीने घरी जाऊन सांगितलं की शैलामावशींच्या तळघरात कुणीतरी पत्रे फोडतंय.

मी खाली येऊन भांडले तेव्हा तू पहिल्यांदा मला हरणाच्या कानाबद्दल सांगितलंस. दोरी सुटल्याचा आवाज बाणाच्या कितीतरी पुढे धावतो. हरीण तो ऐकतं आणि उडी मारण्यासाठी आधी खाली दबतं. बाण पोचतो तेव्हा पाठ जिथे होती तिथे नसते. बाण वरून जातो, किंवा नको तिथे लागतो आणि मग ते जखमी जनावर दिवसभर कुठेतरी मरत राहतं.

"म्हणून तर स्पीड, आक्का. त्याला डक करायला वेळच द्यायचा नाही."

"आवाजापेक्षा जोरात जाणार आहे का तुझा बाण?"

"तसं पॉसिबल नाही."

"मग आवाजच करू नको की. तुझं यंत्र एवढं बोंबलतंय म्हणून ते पळतं."

तू म्हणालास, हे गाणं नाही, फिजिक्स आहे. मला राग आला. आयुष्यभर मी काय केलं होतं दुसरं? तार जास्तीत जास्त वेळ कशी बोलेल एवढंच बघत आले होते. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवायचा, केसभर इकडे, केसभर तिकडे, की तार भरून बोलायला लागते. तार कशाने बोलते हे ज्याला कळतं त्याला ती कशाने मुकी होते हेही कळतं. मी विणकामाच्या टोपलीतली तांबडी लोकर आणली, तिचे झुबके केले आणि तुझ्या दोरीवर मला वाटलं तिथे बांधले. तू ओढून सोडलंस. टण्ण गेला, नुसता एक धप्प उरला. तू दोरीकडे बराच वेळ बघत होतास.

मग मलाच चेव चढला. ॲल्युमिनियमचा बाण ओढताना मुठीवर घासून किरकिर वाजायचा. मी वर जाऊन माझ्या मखमली टिकल्यांची पाकिटं आणली, शिकागोच्या देशी दुकानातली, आणि बाण जिथे जिथे लागतो तिथे टिकल्या चिकटवल्या. मरून, आणि एका ओळीत हिरव्या, कारण मरून संपल्या. "आक्का, कुंकू लावलंस की गं त्याला," तू म्हणालास. पुढच्या आठवड्यात अर्लने ते बघितलं. टोपी मागे सारून त्याने विचारलं, "इज दॅट फॉर लक?" तू म्हणालास, "नो, दॅट्स माय सिस्टर."

हे तू मला सांगितलंस तेव्हा मी हसण्यावारी नेलं. त्या वाक्याने मला किती बरं वाटलं होतं हे मी तुला कधी बोलले नाही. आज बोलते.

माझं म्हणणं होतं, जड बाण घे. हलका बाण सगळी शक्ती घेऊन जात नाही, उरलेली धनुष्यात थरथरत राहते, तोच आवाज. हे तूच मला शिकवलं होतंस, मी फक्त तुझ्यावर उलटवलं. तू जड बाण घेऊन गेलास आणि अंतराचा अंदाज चुकला. जड बाण लवकर खाली येतो. हरणाच्या पोटाखालून गेला. तू परत येऊन माझी लोकर सोडलीस, चाकं बदललीस, पुढच्या खेपेला हरीण दबलं आणि बाण पाठीवरून गेला. मी पुन्हा लोकर बांधली. दोन-तीन वर्षं हेच चाललं. धनुष्य शुक्रवारी तुझं असायचं आणि रविवारी माझं. दाजी म्हणायचे, त्या हरणांना माहितेय, तुम्हा भावंडांचं एकमत होईपर्यंत आपल्याला धोका नाही.

एकदा तू जंगलातून परतलास आणि रागात नव्हतास, विचारात होतास. म्हणालास, "तुझ्या थिअरीत एक भोक आहे. खारी, पाखरं, वारा, जंगलात कायम काहीतरी वाजत असतं. हरीण आवाजाला घाबरत नाही. सगळं एकदम गप्प झालं ना, की ते मान वर करतं." मी म्हटलं, उगीच काहीतरी काढू नकोस. चहा घे.

मग तुझ्या पोटात दुखायला लागलं.

तो दवाखाना, तो फिक्या हिरव्या भिंतींचा कॉरिडॉर. तुला आत तपासण्यांना नेलं होतं आणि मी डॉक्टरला बाहेर गाठलं. चांगल्या इंग्रजीत सांगितलं, की आमच्याकडे पेशंटला लगेच सांगत नाहीत, घरच्यांना सांगतात, आम्ही त्याला हळूहळू कल्पना देऊ. आपल्या वडिलांच्या वेळी काकांनी असंच केलं होतं आणि सगळ्यांना ते योग्यच वाटलं होतं. डॉक्टरने माझं शांतपणे ऐकून घेतलं. सॉरी म्हणाला, खांद्यावर हात ठेवला, आणि आत जाऊन तुला सगळं सांगून टाकलं. कुठे आहे, कुठवर पसरलंय, किती दिवस. मी दारात पोचेपर्यंत झालंसुद्धा.

तू माझ्याकडे बघितलंस. चेहरा पांढरा पडला होता, पण तू हसलास. "आक्का, बघितलंस? याला म्हणतात स्पीड. डक करायला चान्सच दिला नाही."

मला तुझ्या कानाखाली वाजवावीशी वाटली. त्या डॉक्टरच्याही. घरी येताना गाडीत तू म्हणालास की तुला बरं वाटलं, निदान आता काय आहे ते कळलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझा अजूनही त्या माणसावर राग आहे. तुझं काही का म्हणणं असेना.

तू तळघराच्या शेजारच्या खोलीत राहायला आलास आणि पहिल्याच आठवड्यात म्हणालास, आईला कळवू. मी नाही म्हटलं. तिचं ब्लडप्रेशर, तिचे गुडघे. पासपोर्ट नाही, घरात फोन नाही. तिथे बसून ती करणार काय? नुसती झुरेल.

"झुरू दे. तिचा राइट आहे तो."

"राइट-बिट इथले शब्द इथे ठेव. ती मरेल रे."

"नाही मरणार. मरणारा मी आहे."

मग तूच म्हणालास, "आवाजातलं तुलाच कळतं. तुझं खरं." मला ते जिंकल्यासारखं वाटलं नाही, पण मी ते घेतलं.

दिवाळीला दरवर्षीसारखी आईसाठी कॅसेट भरायची होती. मुंबईला जाणारं कुणीतरी मिळालं होतं. मी नीताला बाहेर पाठवलं, घर गरम ठेवणारी भट्टी बंद केली, फ्रिजची वायर काढली, आणि टेप तुझ्यासमोर ठेवला. तुला दम लागला की मी पॉज दाबायची. तू श्वास घ्यायचास, मी मान हलवली की पुढचं वाक्य. तू थंडीबद्दल बोललास, कारखान्याबद्दल बोललास, जिथे तू महिनोन् महिने गेला नव्हतास. शेवटी म्हणालास, "आई, पायाला तेल लाव." पुन्हा ऐकली तेव्हा कॅसेट इतकी स्वच्छ होती की मलाच वाटलं, तू बरा आहेस.

आईचं उत्तर आलं, चार ओळी. नेहमी दिवाळीनंतर तिच्या पत्रात एखाद्या मुलीचा फोटो असतो, मागे नाव, शिक्षण, उंची. यंदा फोटो नव्हता. मला हायसं वाटलं. मी त्याचा पुढे विचारच केला नाही.

पण ऑक्टोबरचं राहिलं. त्याच्याबद्दल लिहायचं टाळत होते.

तुला एकदा जंगलात जायचं होतं. एकदाच, म्हणालास. तळघरात उभा राहून धनुष्य ओढायला गेलास आणि मधल्या टप्प्याला अडकलास. हात थरथरायला लागला, तू तसाच हळूहळू दोरी परत सोडलीस. मग पात्यांचे स्क्रू फिरवायची ॲलन की माझ्या हातात दिलीस, कारण ती फिरवण्याचा जोरही तुला वाचवायचा होता. मी पाती सैल केली. वरची एक फेरी, खालची एक फेरी. तू ओढलंस, अडकलास. पुन्हा एक फेरी. प्रत्येक फेरीला बाणाचा वेग कमी होत होता, आपल्या दोघांनाही ते माहीत होतं. तुझी अंड्यासारखी चाकं काढून जुनी गोल बसवली, ती ओढायला मऊ. शिकारीच्या धनुष्याला कायद्याने जेवढं वजन लागतंच, त्याच्या जरासं वर येऊन थांबलो. त्याच्या खाली तुला जंगलात जायची परवानगी नव्हती. तिथे तू ते ओढलंस. तोंडावर घाम आला होता.

वेग गेला होता. उरला होता तो फक्त माझा मार्ग. मी जड बाण बाहेर काढले, दोरीला नवी लोकर बांधली, गळलेल्या टिकल्यांच्या जागी नव्या लावल्या. तू स्टुलावर बसून बघत होतास. मी वर्षानुवर्षं भांडून जे मिळवू शकले नाही ते तुझ्या दुखण्याने मला आणून दिलं. असलं जिंकणं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

अर्लने तुझ्यासाठी मक्याच्या शेताच्या कडेला जमिनीवरच आडोसा केला होता, कारण तुला झाडावर चढवणं शक्य नव्हतं. गवताचे भारे, वर गोणपाट, आत दोन खुर्च्या. दुसरी माझ्यासाठी. तुला उठायला-बसायला कुणीतरी लागणार होतं. अर्लचं भलंमोठं जाकीट घालून मी तुझ्या मागे बसले. इतकी वर्षं ज्याच्यावरून भांडले ते जंगल मी पहिल्यांदा बघत होते. खारी पाचोळ्यात खसखस करत होत्या. तू कुजबुजलास, "या बोलतायत ना, तोवर सगळं ठीक."

ऊन उतरताना ती आली. हरिणी होती, एकटीच, मक्याची पडलेली कणसं हुंगत. मी श्वास धरला. तू धनुष्य उचललंस आणि ओढायला लागलास. मधला टप्पा आला. तुझी मान ताठली, हात थरथरला. मला वाटलं, नाही होणार. मी मनात म्हणत होते, ओढ, विलू, ओढ. चाकं फिरली. तू सुटलास, स्थिर झालास.

सोडलंस तेव्हा जो आवाज झाला तो ओला टॉवेल खुर्चीवर पडावा एवढाच. हरिणी जरा थरारली, मान वर करून भलतीकडेच बघितलं. तोंडातलं चघळत चार पावलं चालली. उभी राहिली. मग तिचे पुढचे पाय दुमडले आणि ती खाली बसली, आणि नंतर आडवी झाली. खारी बोलतच होत्या.

इतकी वर्षं आपण ज्यासाठी झटलो ते हेच होतं. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तू वळला नाहीस.

"तिला कळलंच नाही," तू म्हणालास.

"बरं झालं की. किती शांत गेली."

तू मान हलवलीस. "नाही आक्का. हे बरोबर नाही. तिला पळायला तरी मिळायला पाहिजे होतं."

मी थर्मासमधला चहा ओतून तुझ्या हातात दिला. अर्ल लांबून येताना दिसला, टोपी हातात घेऊन. त्या मांसाचा मी पांढरा रस्सा केला, तुला तिखट चालत नव्हतं म्हणून. तू दोन चमचे घेतलेस आणि छान झालाय म्हणालास.

त्यानंतर तुला बरंच काही सांगायचं होतं, मला वाटतं. मी ते ऐकलं नाही. मी उशी नीट करायची, पडदे ओढायची, फोनची घंटा बारीक करायची, दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालायची. घरात एक भांडं वाजू दिलं नाही. शेवटच्या दिवसांत तू डोळे मिटूनच असायचास. एकदा उघडलेस आणि विचारलंस, "सांगितलंस?" मी विचारलं, कुणाला, काय. मला कळलं होतं. तू पुन्हा डोळे मिटलेस.

मी अजून तुझ्याशी भांडते आहे, विलू. सांगितलं असतं तर इतके महिने ती रोज मेली असती. निदान दिवाळी तिची सुखाची गेली. यात माझं काय चुकलं, सांग ना. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा माझं कुणी नव्हतं, आणि मग तू आलास, विमानात मांडीवर तंबोरा घेऊन, एअर होस्टेसशी भांडत, कारण आक्काचा तंबोरा सामानात टाकला तर फुटेल. तेव्हा तुला हळू आणि जपून नेणं कळत होतं. नेमकं मरताना तुला घाई झाली.

साडेसात वाजले. मी सगळं ठरवून ठेवलं आहे. आपला चुलतभाऊ बंडूदादा, त्याच्याकडे फोन आहे म्हणून, आईला नाष्ट्याच्या निमित्ताने त्याच्या घरी घेऊन आलेला असेल. शेजारचे डॉक्टर तिथे सहज आल्यासारखे बसलेले असतील. पोरांना खेळायला बाहेर पाठवलेलं असेल. मी आधी सांगणार, तू आजारी आहेस. मग थोडं थांबून, जास्त आहे. मग बंडूदादा तिला पाणी देणार. मग पुढचं. लावते आता.

झालं.

हे मी दहा वाजता लिहिते आहे, नीता शेजारी बसली आहे.

बंडूदादाने फोन उचलला आणि लगेच आईकडे दिला. मी म्हटलं, "आई, मी शैला. चहापाणी झालं का?" माझाच आवाज तारेतून फिरून मला ऐकू आला. मग तिचा आला.

"विलू कधी गेला?"

मी म्हटलं, "आई, त्याला जरा बरं नाहीये..."

"शैले. बंडूनं नाष्ट्याला बोलावलं आणि घरात पोरांचा आवाज नाही. रेडिओ बंद. डॉक्टर पेपर हातात धरून बसल्यात, पान उलटत नाहीत. कधी गेला ते सांग."

मी सांगितलं. वार सांगितला, कशाने ते सांगितलं, एका दमात. पलीकडे ती नुसती हं म्हणत होती.

"दिवाळीच्या टेपपासनं वाट बघतीय मी," ती म्हणाली. "त्या टेपात त्याला दम लागत नव्हता. लहानपणापासनं चार वाक्यं बोलला की श्वास घ्यायला थांबणारं पोरगं ते. मागं भांडं वाजत नव्हतं, तुझी पोरगी नव्हती, काही नाही. तुझ्या घरात असं असतंय होय कधी?"

"मग तू विचारलं का नाहीस, आई?"

"तू एवढं जपून झाकत होतीस. म्हटलं, हिला तरी तेवढाच धीर." मग म्हणाली, "मला यायला जमलं नसतं, ते मला कळतंय. पण मी इथं ओरडले असते गं. चार बायका जमल्या असत्या. एकटीनंच आत ठेवलं, तुम्हाला कळू नये म्हणून."

मी तळघरातल्या फोनवरून बोलत होते, वर नीताला ऐकू जाऊ नये म्हणून. समोर तुझं धनुष्य होतं.

"रडतीयस का?" आईने विचारलं.

"नाही."

"पदर तोंडात धरलायस ना?"

मी पदर आणखी घट्ट धरला.

"काढ तो. मला हितं ऐकू येईल असं रड."

मी पदर काढला, विलू. आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा, बहुधा तू आजारी पडल्यापासून पहिल्यांदा, मी रडले. केवढ्याने रडले ते मला माहीत नाही. पलीकडे आई रडत होती, तिचं मोठ्याने चाललेलं मला ऐकू येत होतं, बंडूदादा, डॉक्टर, सगळ्यांच्या मधून. मग वर दार आपटल्याचा आवाज झाला आणि नीता जिन्यावरून धावत खाली आली.